रोवेनाची दहा मिनिटं

नॉक्सव्हिल, टेनेसी
८ मार्च १९८७

प्रिय अर्डिथताई,

लागलं बाई एकदाचं लग्न. तुमची एरी एअरलाइन्स नवरदेव आणि आमची स्मोकी एअर नवरी. नाव नवऱ्याचंच लागणार हे ठरलेलंच होतं. काल सकाळी दोन माणसं शिडी घेऊन आली, आमचा डोंगराचा बोर्ड उतरवला आणि तुमचा निळा चढवला. हॉबर्ट बॅगांच्या गाडीवर बसून बघत होता. म्हणाला, "इतकी वर्षं तुझ्या बहिणीच्या कंपनीशी एकेका प्रवाशासाठी भांडलो, आता तिच्याच ताटात जेवायचं." मी म्हटलं, तुला बॅगाच उचलायच्यात ना? मग बोर्ड कुठला का असेना.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे, आणि तीही तुला माझ्याआधी कळली असणार. शिकागोच्या मुख्य कचेरीतल्या साहेबांना दोन जंक्शनं नकोत. तुमच्या टोलेडोत काय आणि आमच्या नॉक्सव्हिलला काय, संध्याकाळी डझनभर विमानं एकदम उतरतात, माणसं या विमानातून त्या विमानात जातात आणि डझनभर एकदम उडतात. एकच काम दोन ठिकाणी कशाला, असं त्यांचं म्हणणं. त्यात आपल्या दोघींच्या वैरी कंपनीने, पामेटो एअरवाल्यांनी, जाहिराती लावून ठेवल्यात, 'पामेटो कुणासाठी थांबत नाही!' म्हणून आमच्या साहेबांनाही आता घड्याळाचं वेड लागलंय. एप्रिलपासून ऑगस्टअखेरपर्यंत ज्या जंक्शनची विमानं जास्त वेळेवर सुटतील ते राहणार, दुसरं बंद. बंद म्हणजे आम्ही चारशे माणसं घरी. हॉबर्ट आणि मी दोघंही त्यातच, तेव्हा आमच्या घरात दुसरा पगार नाही.

आणि गंमत बघ. तिकडे संध्याकाळच्या पाळीची मुख्य तू, इकडे मी. कुठलं विमान थांबवायचं आणि कुठलं सोडायचं हा शब्द आपलाच. आईला सांगितलं तर ती हसतच सुटली. म्हणाली, "म्हणजे पुन्हा शाळेची बसच की!" मग तिने ती गोष्ट सगळी पुन्हा सांगितली. तू बसमध्ये चढून बसायचीस, मी टेकडीवरून धावत यायची, आणि तू ड्रायव्हरला सांगायचीस, "आता कोणी यायचं नाही. चला." तू खिडकीपाशी बसलेली मला दिसायचीस गं. मी चार मैल चालत जायची आणि वर मास्तरांची छडी खायची. आईला त्यात एवढं हसण्यासारखं काय वाटतं देव जाणे, पण आता मलाही हसू येतं.

फोनवर तिला काही ऐकू येत नाही, तेव्हा पत्रंच लिही. तुझं पत्र आलं की ते दोनदा वाचून घेते आणि मग उशाखाली ठेवते. नाताळला येतेस तशी एखाद्या शनिवारी ये ना. आता तर एकाच कंपनीच्या झालो आपण. उरलेली जागा मिळाली तर फुकटात येशील, आणि शेवटच्या क्षणी कुणी तिकीटवाला आला तर उठावं लागेल, ते आपल्या पाचवीलाच पुजलंय.

तुझी धाकटी,
रोवेना

*

टोलेडो, ओहायो
१९ मार्च १९८७

प्रिय रोवी,

पत्र वाचून किती बरं वाटलं! आईला सांग, बसची गोष्ट आता पुरे. जावयासमोर, नातवंडांसमोर, पाद्रीबाबासमोरसुद्धा सांगून झाली तिची. मी नऊ वर्षांची होते गं.

शिकागोच्या स्पर्धेचं मनावर घेऊ नकोस. साहेबलोक दरवर्षी नवं खूळ काढतात. आकडे कितीही मोजले तरी शेवटी माणसं बघूनच ठरवतील. आणि माणसं जपावीत तर तुम्हीच. आमच्याकडे काय, घड्याळात वाजले की दार बंद. पुढे म्हातारी रडत असो नाहीतर बाळंतीण. मला कित्येकदा लाज वाटते. तुमच्या त्या कॅप्टन टिपटननी कंपनी काढली तेव्हा भिंतीवर लिहून ठेवलं होतं ना, शेवटचा माणूस चढल्याशिवाय दार लावायचं नाही? ते पुसू देऊ नकोस. तीच तुमची खरी श्रीमंती आहे. तेवढ्यासाठीच लोक तुमच्याकडे येतात.

एक विनंती आहे. आमचं संध्याकाळचं विमान तुमच्याकडे येतं, त्यातली निम्मी माणसं तुमच्याकडे विमान बदलून पुढे ब्रिस्टल, अ‍ॅशव्हिल, चॅटनूगा अशा लहान लहान गावांना जातात. त्यांच्यासाठी ते दिवसाचं शेवटचं विमान असतं. ते चुकलं तर बिचारी बाकड्यावर झोपणार. इथे सरोवरावरून धुकं येतं आणि आमचं विमान कधीमधी दहा मिनिटं अडकतं. तसं झालं की मी तुला तारयंत्रावर कळवीन, कोण कोण आहे तेही सांगीन. थांबशील ना? दुसऱ्या कुणाला म्हटलं नसतं, पण तू तिथे आहेस म्हणून जीव निवांत आहे.

लेस्टरचा काचकारखाना या महिन्याअखेर बंद होतोय. टोलेडोत सगळ्या काचा फुटल्यात म्हण. आता घर माझ्या एकटीच्या पगारावर. पण मी कुरकुर करत नाही. तुझ्याकडे आई आहे, ते माझ्यापेक्षा मोठं ओझं आहे हे मला कळतं.

आईच्या गालाची पापी घे.
अर्डिथ

*

नॉक्सव्हिल
३ मे १९८७

प्रिय ताई,

थांबले गं बाई, थांबले. एप्रिलच्या जवळजवळ प्रत्येक संध्याकाळी थांबले.

तुझा निरोप आला, सैन्यातल्या पोराचं प्रेत ब्रिस्टलला जातंय, सोबत बाप आहे. थांबले. बाप आला तो हसतमुख, हातात मासे धरायच्या काठ्या. मला वाटलं, दुःखाने डोकं फिरलं असेल बिचाऱ्याचं. मग निरोप आला, आंधळी बाई, पहिल्यांदाच विमानात. थांबले. उतरणाऱ्यांत मला काही आंधळी बाई दिसली नाही, पण गर्दीत नसेल दिसली. तू लिहिलेलं आमच्याकडे पोचेपर्यंत काय काय होतं कुणास ठाऊक.

हॉबर्ट घरात पाय आपटत फिरतो. त्याचं म्हणणं सरळ आहे. "त्यांचं एक विमान दहा मिनिटं उशिरा सुटतं, तिकडे त्यांची एक चूक लागते. त्या विमानातली माणसं आपल्या बारा विमानांत जायची असतात, म्हणून आपली बाराही थांबतात. आपल्या बारा चुका लागतात. तुझी बहीण विमान पाठवते की साथीचा रोग?" मी त्याला गप्प केलं. पण एप्रिलचे आकडे आले ते मी दोनदा मोजून बघितले. तुम्ही आमच्या कितीतरी पुढे आहात. इथे तिकीटखिडकीवरची पोरं माझ्याकडे बघेनाशी झालीत. काल एकीने विचारलं, "मॅडम, आपण हरलो तर तुमची बहीण तुम्हाला तिकडे बोलावून घेईल. आमचं काय?" तिला काय उत्तर देऊ सांग.

आणि एक विचारू का? रागावू नकोस. काल तुमच्या विमानाचा पायलट होता डूली म्हणून, मिशीवाला. त्याला म्हटलं, फार धुकं होतं का हो? तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "धुकं? कुठे?" आणि हसत निघून गेला. पायलट लोक असे वेडेच असतात, पण मला रात्रभर ते हसणं आठवत होतं.

हा भाग मी आईला वाचून दाखवला नाही. तूही उत्तर लिहिशील ते जरा बेताने लिही.

आईने तुझ्यासाठी वाळवलेल्या सफरचंदांची डबी दिलीय. त्याच विमानाच्या पोरांबरोबर पाठवतेय.

रोवी

*

टोलेडो
१२ मे १९८७

रोवेना,

पत्र वाचून मला बसावंच लागलं. लेस्टरने विचारलं, कोण गेलं? म्हटलं, कोणी नाही, माझ्या बहिणीचा माझ्यावरचा विश्वास गेला.

एका मिशीवाल्या दारुड्याच्या हसण्यावरून तू मला जोखणार? डूलीला खिडकीबाहेरचं धुकं नाही, ग्लासातलं तेवढं दिसतं, हे इथे पोरासोरांनाही माहीत आहे. मी रोज संध्याकाळी त्या म्हाताऱ्याकोताऱ्यांची नावं घेऊन तारयंत्रापाशी बसते, ते माझ्या भल्यासाठी? माझी विमानं वेळेवर आहेत, मला काय कमी आहे? मी तुझ्या लोकांसाठी मरते, आणि त्याचं हे फळ. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला सांगायचं.

तुला नकोच असेल तर थांबू नकोस. खुशाल दार लाव. मी एक शब्द बोलणार नाही. फक्त त्यानंतर कॅप्टन टिपटनच्या फोटोखालून जाताना मान वर करू नकोस. आणि बाकड्यावर झोपलेल्या त्या बायांना सांग, आमच्या आकड्यांसाठी तुम्ही इथे आहात. आईने आपल्याला हे शिकवलं होतं का, तूच विचार. वाटलं तर हे तिला वाचून दाखव. मला लपवण्यासारखं काही नाही.

तुझ्या तिकीटखिडकीच्या पोरीला सांग, मी असेपर्यंत माझ्या बहिणीला आणि तिच्या माणसांना काही कमी पडू देणार नाही.

सफरचंदं पोचली. जरा जास्तच वाळली होती.

अर्डिथ

*

नॉक्सव्हिल
४ सप्टेंबर १९८७

प्रिय ताई,

आम्ही हरलो. तुला काय सांगायचं, तुम्ही जिंकलात.

मे महिन्यात तुझं ते पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "अर्डिथला दुखवलंस तू. माफी माग." तुला फोन करून मागितली, तू मोठ्या मनाने दिलीस. त्यानंतर मी काही न विचारता थांबत गेले. जूनमध्ये, जुलैमध्ये, ऑगस्टच्या शेवटच्या दिवसापर्यंत. दर संध्याकाळी बारा विमानं पंखे फिरवत उभी, मी खिडकीशी, आणि सगळे माझ्याकडे बघतायत. हॉबर्टने माझ्याशी बोलणं टाकलं. तो फक्त आईला सांगायचा, "तुमच्या मुलीला सांगा, मीठ द्या म्हणावं."

शिकागोहून एक पोरगेलासा साहेब आला. कपाळावरचा घामही पुसला नाही त्याने. म्हणाला, ३० सप्टेंबरला शेवटची खेप. टोलेडोच्या विमानाची तर आता गरजच राहिली नाही, तो मार्गच बंद. भिंतीवरची कॅप्टनची ओळ बघून विचारलं, "हे कुणी लिहिलंय?" मी सांगितलं. तो म्हणाला, "म्हणूनच." आणि हसला.

तुझ्या शब्दावर विसंबून विचारते. तुमच्याकडे आता आमचंही काम येणार, तर माणसं लागतील ना? मला काहीही चालेल. हॉबर्टला तर बॅगाच उचलायच्या आहेत. आईलाही घेऊन येऊ. तिकीटखिडकीवरच्या सहा पोरी आहेत, दोघींची लेकरं लहान आहेत. त्यांची नावं वेगळ्या कागदावर लिहिलीत.

वाट बघते.
रोवी

*

टोलेडो
२० सप्टेंबर १९८७

प्रिय रोवी,

उत्तराला उशीर झाला, कामाचा डोंगर आहे. तुमच्या खेपांचाही भार आता आमच्यावर.

तुमचं वाचून फार वाईट वाटलं. मी इथे सगळीकडे बोलले गं, पण जुन्या एरीवाल्यांना आधी घेणार असं ठरलंय. आणि तुझ्या बाबतीत एक अडचण अशी की वरच्या लोकांकडे तुमचे आकडे आहेत. संध्याकाळच्या पाळीत तुझ्याच सहीने इतकी विमानं थांबली, ते बघून कुणी तुला घ्यायला धजत नाही. मी म्हटलं, ती मनाने फार चांगली आहे. ते म्हणाले, चांगलं मन वेळापत्रकात कुठे बसवायचं? आता मी त्यांच्याशी भांडून माझीही भाकरी घालवू का?

मन घट्ट कर. देव एक दार लावतो तेव्हा दुसरं उघडतो. आणि आईसारखी आई तुझ्याजवळ आहे, माझ्याजवळ नाही, हे विसरू नकोस.

मला या महिन्यात बढती मिळाली. वेगळ्या खोलीत बसते आता, भिंतभर काच आहे. तुझ्याशिवाय हे कुणाला सांगणार म्हणून सांगते.

अर्डिथ

*

नॉक्सव्हिल
११ जानेवारी १९८८

प्रिय ताई,

बढतीबद्दल अभिनंदन, थोडं शिळं झालंय पण चालेल.

निरोपाच्या जेवणाला आम्ही सगळे जमलो होतो. बायकांनी घरून डबे आणले होते, शेंगांची आमटी, मक्याचा पाव, तळलेल्या सफरचंदाच्या करंज्या. तुमचं शेवटचं विमान घेऊन आला होता तो डूलीही बसला जेवायला. खूप प्याला आणि खूप बोलला. मजा आली. टोलेडोत माझं नाव इतकं घेतात हे मला माहीतच नव्हतं.

हॉबर्टला काम नाही. सकाळी कोंबड्यांचा ट्रक चालवतो, तेही बोलावलं तर. मला पामेटोत लागलंय, शार्लटला, त्यांच्या मोठ्या जंक्शनवर. हरवलेल्या बॅगांची खिडकी. लोक ओरडतात, मी ऐकून घेते. रोज दुपारी विमानाने जाते आणि शेवटच्या विमानाने परत येते. त्यांच्यातही तोच नियम, जागा उरली तर बसायचं, तिकीटवाला आला तर उठायचं. आमची ब्रिस्टल, अ‍ॅशव्हिल, चॅटनूगा सगळी गावं पामेटोने एका महिन्यात गिळली. तुमच्या साहेबांनी टाकलेलं ताट होतं ते, कुणीतरी जेवणारच.

आईचं हृदय मोठं झालंय म्हणे. डॉक्टर हेच शब्द वापरतात आणि ती म्हणते, "मला ते आधीपासूनच माहीत होतं." पाय सुजतात. पायऱ्या चढवत नाहीत. तुझी पत्रं मागते. जमलं तर ये.

रोवेना

*

टोलेडो
१७ फेब्रुवारी १९८८

प्रिय रोवी,

आईचं वाचून झोप उडाली. तू नीट लक्ष देते आहेस ना? मीठ बंद केलंस का? तुझ्या हातात मीठ जरा सैलच असतं.

आम्ही इथे कसे दिवस काढतोय तुला काय सांगू. दक्षिणेकडची माणसं सगळी पामेटोने पळवली. संध्याकाळची विमानं अर्धी रिकामी उडतात. वेळेवर उडतात, पण रिकामी. दोन मांजरांच्या भांडणात लोणी माकडाला मिळालं. शिकागोहून तोच पोरगा परवा आला होता, माझ्या काचेच्या खोलीत बसून हिशेब करत होता. लेस्टर घरी नुसता खिडकीशी बसतो. मी रोज हसत कामाला जाते.

यायचं तर कशाने येऊ? तुमच्याकडे इथून आता थेट विमान नाही. शार्लटला उतरून पामेटोचं शेवटचं विमान धरायचं, तेही पूर्ण तिकीट काढून. जानेवारीपासून ते आमच्या ओळखपत्राकडे बघतसुद्धा नाहीत. शत्रूच ना आपण आता. पण वेळ आली तर येईन. आईला सांग, अर्डिथ येतेय. नुसतं कळव, निघालेच.

अर्डिथ

*

टोलेडो
२९ मार्च १९८८

रोवी,

माती दिली तेव्हा बोलता आलं नाही. सगळं गाव भोवती होतं, आणि तू माझ्या खांद्यावर हात ठेवून उभी होतीस, तोच मला पुष्कळ होता. पण आता पोटातलं बाहेर काढलं नाही तर मी फुटेन.

हॉबर्टचा फोन आला आणि मी होते तशी निघाले. आणि नेमकं त्या दिवशी धुकं! खरं धुकं, समोरचा हात दिसेना. विमान उशिरा सुटलं. शार्लटला उतरले तेव्हा नॉक्सव्हिलचं शेवटचं विमान दाराशीच उभं होतं. मी धावले. या वयात, गुडघ्यांनी. एक बूट निघाला तो हातात घेऊन धावले. आणि माझ्या डोळ्यांसमोर दार लावलं गं त्यांनी! विमान अजून तिथेच उभं. काचेवर मुठी आपटल्या. टेबलाशी एक पोरगी होती, तिला म्हटलं, माझी आई मरतेय. ती म्हणाली, "सगळे असंच काहीतरी सांगतात, मॅडम. संध्याकाळच्या मुख्य बाईंचा हुकूम आहे."

सगळे असंच सांगतात! कुणी शिकवलं असेल तिला असं बोलायला?

रात्रभर त्या बाकड्यावर बसले. सकाळी पोचले तेव्हा आई गार झाली होती. तिने माझं नाव घेतलं असेल का? तू काही सांगितलं नाहीस आणि मलाही विचारवलं नाही.

तू तिथेच काम करतेस. ती मुख्य बाई कोण, तेवढं मला शोधून दे. नाव हवंय मला. मी वरपर्यंत जाईन, वर्तमानपत्रात देईन, तिला भीक मागायला लावीन. आपण थांबायचो गं लोकांसाठी! तू तर सगळं घालवलंस थांबण्यापायी. आणि ही कुठली बाई, जिला दहा मिनिटं जड झाली? तिला आई नव्हती का?

आईची गोधडी मला पाठव. तुझ्याकडे ती स्वतःच होती, मला गोधडी तरी असू दे.

अर्डिथ

*

नॉक्सव्हिल
५ एप्रिल १९८८

ताई,

तुला त्या बाईचं नाव हवंय. तिला आई होती. तुझीच.

हरवलेल्या बॅगांच्या खिडकीशी मी थोडेच दिवस होते. मी नॉक्सव्हिलला काय काम करायची ते पामेटोवाल्यांना कळलं आणि त्यांनी मला संध्याकाळची मुख्य केलं. म्हणाले, "तुम्ही इतकं थांबून बघितलंय, आता थांबायचं नाही हे तुमच्याइतकं कोण पाळणार?" खरंच होतं ते. तुला मी मुद्दामच लिहिलं नाही.

डूली त्या जेवणात काय बोलला ते आता सांगते. तो म्हणाला, टोलेडोत त्या रोजच्या उशिराला नाव आहे. 'रोवेनाची दहा मिनिटं.' माणसं सगळी आत बसलेली, पट्टे बांधलेले, आभाळ निरभ्र, आणि तू काचेआडून घड्याळ बघत उभी. रोवेनाची दहा मिनिटं झाली की तू हात हलवायचीस आणि विमान निघायचं. मग तू तारयंत्रापाशी बसून आंधळ्या बाया आणि मेलेले शिपाई जन्माला घालायचीस. पोरं पैज लावायची म्हणे, आज कोण मरणार. डूलीला वाटलं मला हे माहीत आहे आणि मीही त्यात सामील आहे. तो मला टाळी मागत होता. मी दिली. माझ्या शेजारी हॉबर्ट बसला होता. मला वाटलं तो उठून मारेल कुणालातरी. तो उठला आणि ताटली धुवायला गेला. माझ्याशी तो आता बोलतो, पण पूर्वीसारखं नाही.

आता त्या संध्याकाळचं. हॉबर्टचा फोन मलाही आला होता. नॉक्सव्हिलचं शेवटचं विमान भरलं होतं. एकच जागा उरत होती, कारण एक तिकीटवाली अजून आली नव्हती. कागद बघितला तर तुझं नाव. तू आलीस तर मला उठावं लागणार होतं. आईपाशी आपल्यातली एकच जाऊ शकत होती. म्हणून दार लावलं, असं मी तुला सांगू शकते, आणि कुणीही ते खरं मानेल. पण जागा दोन असत्या तरी मी लावलं असतं. तेवढं तुला कळलेलं बरं.

टेबलाशी होती ती पोरगी आमचीच, नॉक्सव्हिलच्या खिडकीवरची. मे महिन्यात मला विचारत होती ना, आमचं काय, म्हणून? तीच. तिने विचारलं, "एरीच्या विमानातली एक बाई धावत येतेय. थांबायचं?"

मी म्हटलं, "आता कोणी यायचं नाही. चला."

आणि तुझ्या जागेवर जाऊन बसले. खिडकीची होती. तू काचेपाशी आलीस, हातात बूट, केस सुटलेले. मी तुला पुरं बघितलं. तुला मी दिसले नाही.

तक्रार करायची तर जरूर कर. नाव रोवेना, पामेटो एअर, शार्लट. ते मला शाबासकी देतील. एप्रिलअखेर आमची विमानं टोलेडोला सुरू होतायत, संध्याकाळची वेळ तुमच्यापेक्षा दहा मिनिटं आधीची. ती मीच सुचवली. ती मिनिटं कुणाची आहेत हे तुझ्या पोरांना सांगावं लागणार नाही.

गोधडी पाठवणार नाही. ती आईबरोबर पुरली.

तिने तुझं नाव घेतलं का, ते तू विचारलंस. घेतलं. पहाटे तिला जाग आली. मी मोठ्याने, वाकून कानाशी बोलायची तशी बोलत होते. तिने विचारलं, "अर्डिथ कुठे आहे?" मी म्हटलं, "येतेय, आई. मागून धावत येतेय."

तिने माझं मनगट धरलं. तिच्यात एवढा जोर उरला असेल असं मला वाटलं नव्हतं.

"मग थांबव ना गं बस," म्हणाली.

रोवेना